बाईंनी रचलेली मुलाखत

"पाणी कशात दिलं?"

विद्यार्थ्यानं मुलाखतींची वही पुढे केली की बाईंचा पहिला प्रश्न हा. वही उघडायच्याही आधी. नवखा पोरगा गोंधळायचा. "म्हणजे, मॅडम?"

"अरे, दोन तास त्या घरात बसलास ना? पाणी विचारलं असेल की. स्टीलच्या पेल्यातून दिलं, काचेच्या ग्लासातून दिलं, की विचारलंच नाही?"

जो खरोखर जाऊन आलेला असायचा तो पटकन सांगायचा, वर घरातल्या कुत्र्याचंही नाव सांगायचा. ज्यानं कँटीनमध्ये बसून दहा मुलाखती लिहून काढलेल्या असायच्या, तो छताकडे बघायला लागायचा. बाई वही न उघडता परत करायच्या.

नव्वदच्या दशकात नवी मुंबईतल्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा बाई तिथे गुन्हेगारीशास्त्राचा पेपर घेत होत्या. त्या पेपरासाठी शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक प्रकल्प करावा लागे. माणसांना भेटायचं, बोलतं करायचं, ऐकलेलं नीट मांडायचं. स्टाफरूममध्ये आमची टेबलं लागून होती, त्यामुळे प्रकल्पांची सगळी घासाघीस मला ऐकावीच लागायची. खरं सांगायचं तर लेक्चरपेक्षा मला त्यातच जास्त मजा यायची.

मुलं विषय आणायची ते भलेमोठे. एकानं आणला, 'नवी मुंबईतील वाढती गुन्हेगारी : एक अभ्यास'. बाईंनी चष्मा काढला.

"राहतोस कुठे?"

"सानपाड्याला, मॅडम."

"मीही तिथेच राहते. बिल्डिंगला जिने किती?"

"दोन."

"मग एक जिना घे. त्या जिन्यावरच्या लोकांनी कुलूप शेवटचं कधी बदललं आणि त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं, एवढंच विचारून ये."

पोरगा हिरमुसून गेला. महिन्याभरानं आला तो साठ पानं घेऊन. एका बाईनं कुलूप चोराच्या भीतीनं नव्हे, दिराच्या भीतीनं बदललं होतं. बाई ती पानं चहा थंड होईपर्यंत वाचत बसल्या.

प्रश्नावलीतला 'का' त्या हिरव्या पेन्सिलीनं खोडायच्या. "चोरी का केलीत, असं विचारलं की माणूस स्वतःची वकिली सुरू करतो. त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं, ते विचार." मुलांनी आधी एकमेकांना प्रश्न विचारायचे, मग कॉलेजच्या शिपायाला, आणि मगच बाहेर पडायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. आमच्या शिपायाला त्या काळात आयुष्याबद्दल इतक्या वेळा विचारलं गेलं की पुढे पुढे तो न विचारताच सांगायला लागला.

एका हुशार पोरानं मात्र पाण्याच्या पेल्यासकट सगळं रचलं होतं. जवळच्या सारसोळे गावातल्या एका मासेवालीची मुलाखत. बाईंनी स्वतः जाऊन चौकशी केली. अशी बाई नव्हतीच. त्यांनी त्याला नापास केलं. "लिहितोस छान. पण जे कुणी बोललंच नाही, ते त्याच्या तोंडी घालायचं नाही." बाईंची ही एकच गोष्ट दगडासारखी होती. बाकी सगळ्यात त्या ऐकून घ्यायच्या.

आता माझ्या चुकीकडे येतो.

साताऱ्याकडची एक मुलगी होती, वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. तिनं विषय घेतला होता, चोरी सोडल्यानंतर माणूस कसा जगतो. आमच्या पट्ट्यातल्या एका जुन्या गावातला गृहस्थ तिला भेटला. तरुणपणी घरफोडीसाठी तो तुरुंगात जाऊन आला होता आणि आता जवळच्याच एका सोसायटीत वॉचमन होता. सोसायटीत हे कुणालाच माहीत नव्हतं. तीन महिने जाऊन जाऊन तिनं त्याला बोलतं केलं. त्याची अट एकच होती, की कुणाला कळता कामा नये. तिनं नाव बदललं. बाईंनी वही वाचून ती आपल्या कपाटात ठेवली.

मग कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन आलं. बाई बहिणीच्या आजारपणासाठी उरणला गेलेल्या. जबाबदारी माझ्यावर. मी त्या मुलीला म्हटलं, नुसता मजकूर कोण वाचणार, नकाशा काढ. तिनं बिचारीनं कार्डशीटवर रंगीत नकाशा काढला. गावाची वाट, देऊळ, विहीर, आणि विहिरीला लागून एक घर. खाली लिहिलं, 'पूर्वी घरफोडी, सध्या वॉचमन'. नाव बदललेलंच होतं. मला अभिमान वाटला.

नावं बदलली होती, विहीर बदलली नव्हती, हे माझ्या लक्षातच आलं नाही. (हे लिहिताना मी गाव सांगितलेलं नाही, आणि जिथे विहीर म्हटलंय तिथे विहीर नव्हती. एवढं तरी शिकलो.)

प्रदर्शनाला पालक आले, त्यात त्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. वॉचमन आजारी असताना एकदा ते त्याच्या घरी जाऊन आले होते. नकाशासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "सर, हा तर आमचा माणूस." रविवारी त्यांनी सोसायटीची मीटिंग बोलावली.

बाई परत आल्या. मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. संध्याकाळी मला घेऊन त्या गृहस्थाच्या घरी गेल्या.

तो पडवीत बसला होता. "बाई, मी त्या पोरीला सगला खरा सांगितला. आता मना कामावरना काढतील. कामाचा काय, दुसरा बघीन. पन माज्या पोरींना माहीत नाय, मी आत होतो ता."

बाई म्हणाल्या, "मीटिंगमध्ये तुम्ही काही बोलू नका. मी येते."

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ती मुलाखत झालेलीच नाही. मुलांना नमुना दाखवायला मीच ती रचली. नकाशातलं घर असंच कुठलंतरी घेतलं."

सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे तुम्ही खोटं लिहिता, मॅडम?"

"हो."

रिक्षात मी म्हटलं, "बाई, चूक माझी होती. मी सांगतो ना सगळ्यांना."

"काय सांगणार? नकाशा खरा आहे, एवढंच कळेल लोकांना. चूक तुमचीच आहे. ती लक्षात ठेवा. त्यानं शिक्षा भोगलीय, दुसरी आपण द्यायची नाही."

वॉचमनची नोकरी राहिली. पण सेक्रेटरींना आता त्याचा भलताच कळवळा आला. आमच्या प्रामाणिक कर्मचाऱ्याची बदनामी झाली, अशी लेखी तक्रार त्यांनी प्राचार्यांकडे केली. बाईंनी लेखी माफी मागितली आणि मुलाखत आपण रचल्याचंही लिहून दिलं. वही त्यांनी आधीच फाडून टाकली होती. त्या मुलीचं वर्ष जाऊ नये म्हणून तीन आठवडे तिच्याबरोबर बसून दुसरा प्रकल्प करून घेतला. मग प्राचार्यांनी बाईंचा पेपर काढून घेतला आणि तो दिला मला.

नापास झालेला तो हुशार पोरगा एकदा स्टाफरूममध्ये आला. अगदी अदबीनं त्यानं विचारलं, "मॅडम, मग मला कशाला नापास केलंत?" बाई म्हणाल्या, "तुझा प्रश्न बरोबर आहे." शेजारच्या टेबलावर मी पेपर तपासत होतो. मान वर करायची हिंमत मला झाली नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

चार वर्षांनी बाई गेल्या. हार्ट अटॅक आला, हॉस्पिटलपर्यंतही पोचल्या नाहीत. कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. प्राचार्य चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "संशोधनात त्यांच्याकडून एकदा घसरण झाली. पण माणूस आहे, चुकायचाच. आज आपण ते विसरून जाऊ."

त्यांच्यानंतर माझं नाव होतं. मी ठरवून आलो होतो. चार कागद लिहून आणले होते, नकाशापासून सगळं. बाई नव्हत्या, आता मला अडवणारं कुणी नव्हतं. मी माईकपाशी गेलो आणि कागद उलगडले.

शेवटच्या रांगेत तो वॉचमन बसला होता. ड्युटीवरून तसाच आलेला, निळा युनिफॉर्म, टोपी मांडीवर. शेजारी त्याची थोरली मुलगी, त्याच वर्षी आमच्याकडे पहिल्या वर्षाला आलेली. ती माझ्याकडे बघत होती, बाईंबद्दल ऐकायला.

मी कागदांची घडी घालून ते खिशात ठेवले. म्हटलं, प्राचार्यांशी मी सहमत आहे. बाई वेळेच्या फार पक्क्या होत्या, मुलांवर त्यांचा जीव होता. आणि जागेवर येऊन बसलो.