जस्मिन कुणाकडं जेवत नाही

शिरूरच्या एका जुन्या चर्चमागच्या गल्लीत जस्मिन शाळेचे युनिफॉर्म शिवते. स्वभावानं मोकळी, कुणाचं बारसं असलं की मदतीला सगळ्यांच्या आधी हजर, पण पंगतीला बसत नाही. शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचे ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास कोंडतो. लहानपणी शेंगदाण्याचा एक लाडू खाऊन ती मरता मरता वाचली. तेव्हापासून तिच्या आईनं, दबोराबाईंनी, तिला बाहेरचं काही खाऊ दिलं नाही. आणि आपल्याकडं तर वांग्यात कूट, आमटीत कूट, कोशिंबिरीतही कूट.

गल्लीनं त्याचा वेगळाच अर्थ काढला. समोरच्या झुंबरबाईंच्या सुनेच्या डोहाळजेवणात जस्मिननं ताट नको म्हटलं, तेव्हा झुंबरबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एकेकाळी आमची माणसं ह्यांच्या घरचं पाणी पीत न्हवती. आता ह्यांना आमचं चालत न्हाई."

जस्मिननं आजार समजावून सांगितला.

"शेंगदाण्यानं कुठं माणूस मरतं व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या. येताजाता बोलणं चालू राहिलं, पण जेवायची आमंत्रणं बंद झाली.

गेल्या हिवाळ्यात जस्मिनच्या पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. अन्नाच्या अ‍ॅलर्जीवर संशोधन व्हावं म्हणून निधी जमवायला एका मोठ्या हॉटेलात कार्यक्रम होता. तिकीट काढून जेवण, गाणी, चित्रांचा लिलाव. तिथं तिनं आपला अनुभव सांगायचा होता. गाडी कार्यक्रमवाले पाठवणार होते, पण नवरा जॉन्सन सेकंड शिफ्टला. एकटीनं जायची धास्ती वाटली, म्हणून तिनं झुंबरबाईंना विचारलं.

"खाता येत न्हाई त्या आजारासाठी जेवणावळ?" झुंबरबाई हसल्या. "चल, बघू तरी."

हॉटेलात प्रत्येक पदार्थापुढं त्यात काय काय घातलंय त्याची पाटी होती. तरी जस्मिननं आपला डबाच उघडला. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनीही डबाच आणला होता. झुंबरबाईंनी कारण विचारलं.

"पाटी असली तरी हात धजत नाही," ते म्हणाले. "आमची मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. केकमध्ये काजू होते. दवाखान्यात पोचेपर्यंत गेली."

झुंबरबाईंनी घास ताटात परत ठेवला.

जस्मिन माइकसमोर थोडंच बोलली. लाडू, आई, श्वास कोंडला तर टोचायचं पर्समधलं इंजेक्शन. शेवटी कुणीतरी विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? ती म्हणाली, "लोकांना वाटतं, मी त्यांना हलकं समजते."

परतताना कोरेगाव भीमा मागं पडल्यावर झुंबरबाई जस्मिनकडं वळल्या. मग म्हणाल्या, "तुला काय काय चालतं?"

"सगळं चालतं, मावशी. फक्त शेंगदाणा नको. भांड्याला लागलेलासुद्धा नको."

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर झुंबरबाईंनी तिला हाक मारली. चुलीवर नवा तवा होता, कढई नवी होती. "मिक्सरला हात लावला न्हाई. लसूण खलबत्त्यात ठेचला, त्यो बी नवाच," त्या म्हणाल्या आणि बाजरीची भाकरी, मेथीची भाजी तिच्यापुढं ठेवली.

जस्मिननं पर्स जवळ ओढून घेतली. पहिला घास गिळून ती दुसरा न घेता थांबली. झुंबरबाई तिच्या ओठांकडं बघत होत्या. काही झालं नाही.

"कुटाबिगर भाजीला चवच न्हाई आली," झुंबरबाई पुटपुटल्या.

"जरा मीठ कमी पडलंय," जस्मिन म्हणाली, आणि आणखी अर्धी भाकरी मागितली.