नाव मातीचं, वेलीचं नाही

शेजारच्या अंकलइतका कायद्याला मानणारा माणूस मी दुबईत दुसरा पाहिला नाही, आणि तो कायदा होता फ्रान्सचा. मूळचे वसईचे अंकल एका हॉटेलात वाइनची खरेदी बघायचे, दुबईच्या ऊद मेथा वस्तीत आमच्या समोरच्या दारात राहायचे, आणि कुठल्या गावच्या वाइनला कुठलं द्राक्ष चालतं हे जेवायला बसल्यावर प्रार्थनेसारखं म्हणायचे. शाब्लीत फक्त शार्दोने. ताव्हेल गावाला गुलाबी वाइनचीच परवानगी. लाल केली की ती ताव्हेल नाही, खलास! हाच कायदा त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. करामाच्या एका हॉटेलात चिकन कोल्हापुरी मागवून त्यांनी वेटरला विचारलं, "कोल्हापूर देखा है?" तो म्हणाला, "नहीं सर, मैं पालघाट का." "तो इसका नाम पालघाटी रखो, हबीबी!" आंटी गच्चीवर मिरच्या वाळवून मसाला करायच्या, त्यालाही ते वसईचा म्हणू देत नसत. "ऊन दुबईचं आहे." "आणि हात कुणाचे?" "हात कायद्यात बसत नाहीत." "मग उद्यापासून स्वयंपाकही कायद्यालाच सांगा," आंटी म्हणायच्या.

मी कामगार चळवळीतल्या वडिलांची पत्रकं वाचत वाढलेला. वाइन हे शोषकांचं पेय आहे, असं एकदा मी अंकलना तोंडावर सुनावलं. ते रागावले नाहीत. "अरे, व्यापारी कुठलीही द्राक्षं पिळून वर शाम्पेन या प्रांताचं नाव लिहायचे. शेतकरी भांडले, तेव्हा त्यांच्या मातीचं नाव त्यांना मिळालं. तुझ्या पत्रकात याहून वेगळं काय असतं?" त्या दिवसापासून मी त्यांच्या पक्षात.

या कायद्यातून सूट एकाच व्यक्तीला होती: दुबईत जन्मलेली त्यांची मुलगी, ग्लेनिस. ती मात्र वसईची. पुण्याच्या कॉलेजला निघायच्या आदल्या दिवशी, मीही जेवायला होतो तेव्हा, अंकल तिची तयारी करून घेत होते. "कुठली म्हणून विचारतील. काय सांगशील?" "ऊद मेथा." "वसई!" "पपा, यू ओन्ली से, वेल कुठून आणली ते मॅटर नाही करत. कुठे वाढली ते. अँड आय ग्रू हिअर."

अंकलनी हातातला घास ताटात ठेवला. ते म्हणाले, "शातोनफ-द्यु-पाप हे गाव घे. तिथे तेरा जातींची द्राक्षं चालतात. जमिनीत नुसते गोटे. दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना ऊब देतात." मग मान न उचलता, "ऊद मेथा. बरोबर आहे."

मी पेटलो. फ्रान्सच्या द्राक्षाला जे नाव हक्कानं मिळतं, ते हिला इथे कुठल्याच कागदावर मिळणार नव्हतं. अंकलची नोकरी संपली की व्हिसा संपला, सगळ्यांनाच यल्ला, चला परत. म्हटलं, यावर पत्रक काढतो. आंटी म्हणाल्या, "आधी जेव."

दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर अंकलनी ग्लेनिसच्या हातात मसाल्याची बरणी दिली. "कुणी विचारलं तर वसईचा आहे म्हणून सांग."

"पण पपा, ऊन?"

"हात तुझ्या आईचे आहेत," ते म्हणाले, आणि बरणीचं झाकण उगाच पुन्हा घट्ट करत राहिले.