तुरुंगाच्या यादीतलं नाव

माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहायचं म्हणजे वाण्याची यादी आणि बहिणीला दोन ओळींचं पत्र, एवढंच. ही वही कधी कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात. दाखवण्यासाठी लिहीत नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून इथे लिहिते.

अमेरिकेत चँडलरला मुलाकडे येऊन मला दोन महिने झाले होते. इथली घरं सगळी एका रंगाची. पहिल्या आठवड्यात कचरा टाकायला गेले आणि परत येताना दुसऱ्याच्याच दाराशी उभी राहिले, तेव्हापासून एकटी बाहेर पडायचं सोडून दिलं. उन्हाने दाराची कडीसुद्धा पोळायची. खिडक्या दिवसभर बंद, पडदे ओढलेले. सुनेला तिच्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. आम्ही दोघी बायका घरात, आणि बाहेरच्या जगाची किल्ली एकट्या मुलाच्या खिशात. मला मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. टीव्हीवरची माणसं का हसतात तेही कळायचं नाही. दुपारी मी भिंतीवरचं घड्याळ बघायची आणि आपल्याकडे आता किती वाजले असतील ते मोजायची.

त्या शनिवारी मुलगा सकाळीच निघाला. दूरच्या एका खेड्यात कुणीतरी जुनी दुर्बीण विकत होतं. तारे बघायचा त्याला लहानपणापासून नाद. जेवायला परत येतो म्हणाला. मी भरली वांगी केली होती. ती तशीच राहिली.

संध्याकाळपर्यंत फोन नाही. सून तिच्या फोनवर त्याच्या फोनची जागा बघत होती. एका लहानशा गावाजवळ तो निळा ठिपका थांबला आणि मग विझला. त्याचं पैशाचं पाकीट चपलांच्या कपाटावर सापडलं. गाडीचं लायसन्स त्यातच होतं.

सुनेने तिथल्या दवाखान्यांना फोन केले. नाही. मग त्या कौंटीच्या पोलिसांना केला. कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं, पण ही म्हणे नुसती शेतं आणि माळरान. फोनवरच्या बाईने सांगितलं की त्या आडनावाचं कुणी आमच्याकडे नाही, हवं तर वेबसाइट बघा, पकडलेल्यांची यादी सगळ्यांना उघडी आहे.

रविवारी सकाळी सून जेवायच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. मी शेजारी. पकडलेल्या माणसांची नावं अशी भावफलकासारखी लावतात याचंच मला नवल वाटलं. शेजारीपाजारी, सोयरे, कुणीही बघावीत. तिने आडनाव टाकलं. काही आलं नाही. एक अक्षर बदलून टाकलं. परत नाही.

"आई, नाहीये तो तिथे," ती म्हणाली. "म्हणजे चांगलंच आहे ना?"

तुरुंगात नाही, दवाखान्यात नाही, मग कुठे? मुलगा तुरुंगात सापडू दे म्हणून मी मनात हात जोडत होते. अशी वेळ कुठल्या आईवर येऊ नये.

तिने आणखी तीन-चारदा तेच आडनाव टाकलं. मग मी हळूच म्हटलं, "सगळी यादी उघड ना. कालची."

"अहो आई, सर्च केलं की सापडतंच. नसेल तर नसतं."

"तरी उघड."

आमच्या शाळेत निकाल भिंतीवर चिकटवायचे. नंबर जागेवर दिसला नाही की आम्ही कागद वरून खालपर्यंत बोटाने बघायचो. दुसरं काही मला सुचलं नव्हतं.

तिने उघडली. फार लांब नव्हती, वीस-बावीस माणसं असतील. ती भराभर खाली नेत होती. मी तिचा हात धरला.

मला इंग्रजी येत नाही, पण एक नाव ओळखता येतं. माझे यजमान एसटीत कंडक्टर होते. आठ वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हापासून पेन्शनच्या पासबुकावर त्यांचं नाव दर महिन्याला बघते. पहिलं अक्षर छत्रीच्या मुठीसारखं. बँकेतला मुलगा बोट ठेवून म्हणायचा, "हे बघा काकांचं नाव." ते नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, नंतर कधी तोंडाने उच्चारलं नाही. तेव्हाही उच्चारलं नाही. नुसतं बोट ठेवलं.

सुनेने त्यावर दाबलं. फोटो आला. माझा मुलगा होता. केस विस्कटलेले, डोळे लाल, पाठीमागे करडी भिंत.

सून रडायला लागली आणि रडता रडता वाचायला लागली. वेगमर्यादेच्या फार वर गाडी चालवली, जवळ लायसन्स नाही. नावापुढेच जामिनाचा आकडा होता, दोन हजार डॉलर, आणि तिथे रोखच चालणार होते. रविवार. बँक बंद. मशीनमधून एका दिवशी एवढे निघत नव्हते.

आमच्या गल्लीच्या टोकाला नागपूरचे काका-काकू राहतात. काका जुन्या वळणाचे, घरात रोख ठेवणारे. सून मला घेऊन त्यांच्या दारात गेली आणि मी काही म्हणायच्या आत बोलून मोकळी झाली, "काका, आईंच्या दाढेची इमर्जन्सी आहे. डेंटिस्ट कॅश मागतोय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी गालाला हात लावला. का लावला, अजून कळत नाही.

"बाप्पा! रविवारचा डेंटिस्ट?" काकू म्हणाल्या. "लुटतात हो इथे." काका आत गेले आणि पैसे घेऊन आले. कागद नाही, काही नाही.

सुनेने घरातली दुसरी, जुनी गाडी काढली आणि तीन तास आम्ही तिच्यात बसलो. तुरुंग म्हणजे बसकी पिवळी इमारत, बाजूला कापसाचं शेत. काचेमागच्या पोलीसबाईने पैसे घेतले, सुनेची सही घेतली आणि आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं. किती वेळ ते सांगता येणार नाही. मुलगा बाहेर आला तेव्हा त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. त्या काढून घेतल्या होत्या, हातात पिशवीत दिल्या.

"आई, तू कशाला आलीस?" हे पहिलं वाक्य.

सून म्हणाली, "फोन का नाही केलास? एक फोन?"

"तुझा नंबर पाठ नाही. फोनमध्येच असतो ना. मला फक्त गावच्या घरचा पाठ आहे, आणि तो तिथून लागत नव्हता." त्याने पिशवीतल्या नाड्या काढल्या. "लागला असता तरी आई इथे. घराला कुलूप."

गाडीत बसल्यावर सुनेने विचारलं, "आणि नाव काय सांगितलंस त्यांना? आम्ही शोधून शोधून वेडे झालो."

"पूर्ण नाव सांग म्हणाला. कमरेला पिस्तूल लावलेला माणूस समोर उभा. मी सांगितलं. शाळेत सांगायचो तसं."

म्हणजे आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. हजेरीत, मार्कलिस्टवर आपल्याकडे असंच. इथे शेवटचं ते आडनाव. त्या पोलिसाने शेवटचं उचललं आणि यजमानांचं नाव आरोपींच्या यादीत गेलं.

कोर्टाची तारीख अडीच महिन्यांनी लागली. वकिलाने आधीच पैसे घेतले, घराचा हप्ता गेला, काकांचे राहिले. जामिनाची रक्कम खटला संपला की परत मिळते, तेव्हा देऊ, असं ठरलं. माझं परतीचं तिकीट पुढे ढकललं. मुलाला राज्याबाहेर जायची मनाई, सुनेला सारखी धास्ती, आणि मला दाढ. दर रविवारी काकू डबा घेऊन यायच्या. "ताई, मऊ भात आणला जी. चावायला नको काही." मी त्यांच्यासमोर एका बाजूने खायची. एकदा विसरून शेंगदाणा चावला तर सुनेने टेबलाखालून पाय दाबला. काका हसत विचारायचे, "दोन हजारांत सोन्याची बसवली का दाढ? दाखवा तरी!" मी पदर तोंडाला लावायची. त्यांना वाटायचं लाजते. लाजतच होते.

रोज सकाळी, मुलगा ऑफिसला गेला की मी सुनेला म्हणायची, बघ ना, आहे का अजून. ती उघडून दाखवायची. आरोप, तारीख, त्यांचं नाव. तिथून उचलून दुसऱ्याच कुणी स्वतःच्या वेबसाइटवरही लावलं होतं, फोटोसकट.

एके दिवशी वकिलाचा फोन आला. नाव उलटं पडलंय, ते नीट करायला अर्ज करायचा का? सून मुलाला म्हणाली, "थांब जरा. तुझं आडनाव टाकलं तर काहीच येत नाही. कुणाला सापडणार नाही. व्हिसाचं रिन्युअल आहे. राहू दे ना."

मुलगा माझ्याकडे बघत नव्हता.

मला सुनेचा राग आला नाही. व्हिसा गेला तर दोघांना सामान बांधून निघावं लागेल, घराचं कर्ज मागे. मलाही ते कळत होतं. दोन-तीन दिवस तसेच गेले. पोळ्या लाटायची, पडदे लावायची. पण दर सकाळी ती यादी उघडली की मला यजमान दिसायचे, खाकी कपड्यांतले. रजेच्या दिवशीसुद्धा स्वतःच्या एसटीत तिकीट काढून बसणारे. त्यांचे मित्र त्यांना हसायचे.

चौथ्या दिवशी मुलगा जेवायला बसला तेव्हा मी म्हटलं, "तुझं तुझ्या नावावर घे."

"आई, नुसतं कॉम्प्युटरमध्ये आहे गं ते."

"असू दे. ते बोलायला नाहीत म्हणून त्यांच्यावर टाकू नकोस."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सून वाढता वाढता थांबली. मुलाने घास ताटात परत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने वकिलाला फोन केला.

कोर्टात मी मागच्या बाकावर बसले होते. न्यायाधीशबाईंनी नाव विचारलं. या वेळी मुलाने सावकाश सांगितलं, आधी स्वतःचं, आडनाव शेवटी. दंड झाला, गाडी नीट चालवण्याचा वर्ग करायला सांगितला, आणि खटला संपला. काही दिवसांनी सुनेने आडनाव टाकलं. आता मुलगा सापडला. यजमानांचं नाव मधे, जिथे असायला हवं तिथे. बघून बरं वाटलं असं नाही म्हणता येणार, कारण आता कुणालाही मुलगा सापडत होता. सून त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

व्हिसाच्या अर्जाला कोर्टाचा कागद जोडला. उत्तर यायला सहा आठवडे लागले. ते सहा आठवडे घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, फ्रिजचासुद्धा आवाज यायचा. मग एका दुपारी सून जिना उतरत ओरडली, "आई! झालं! अप्रूव्ह झालं!" आणि माझ्या गळ्यात पडली.

कौंटीचा चेक त्यानंतर आला, सुनेच्या नावाचा, दोन हजारांचा. तिने तो बँकेत भरला आणि काकांच्या नावाने दुसरा लिहिला. "मी देऊन येते," मी म्हटलं. दोघं माझ्याकडे बघत राहिले. गल्लीच्या टोकापर्यंत मी एकटी चालत गेले.

काकूंनी दार उघडलं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. दाढेला काही झालं नव्हतं, मुलगा तुरुंगात होता.

काकूंचं तोंड उघडं राहिलं. मग म्हणाल्या, "अवं बाई! इतके महिने मी मऊ भात शिजवला, तो कोणासाठी?"

"मी खाल्ला. चांगला होता."

काका आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कुठली कौंटी, किती वेग, काही विचारलं नाही. "पोरगा ठीक आहे ना?" एवढंच म्हणाले. मी मान हलवली आणि चेक पुढे केला. चष्मा वर करून त्यांनी रक्कम वाचली, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "पूर्ण आले ताई," म्हणाले. "आता तुमच्याकडे आमचं काही येणं राहिलं नाही."