हात मागे बांधून

तीस वर्षं बाळंतपणं करून सुईणबाईंच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. आता कुठे दोन वर्षं रेटली की सुटले, असं म्हणतात तोवर दवाखान्यात वरून हुकूम आला, शिकाऊ पोरींना शिकवायचं कसं ते आधी तुम्ही शिका. केस पिकल्यावर पाटी हातात घ्यायची म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक.

शिकवायला आलेली बाई त्यांच्या लेकीच्या वयाची. आठ दिवस तिने मागे उभं राहून बघितलं आणि एकच खोड धरली. पोरीने हात पुढे केला रे केला की सुईणबाई म्हणायच्या, "सरक गं, मी करते." पोर आपली बघत राहायची. दोन पोरी अशाच बघून बघून नापास झाल्या होत्या.

त्यातली एक चिमणी. आवाज एवढासा म्हणून चिमणी. आज तिची परीक्षेची दुसरी खेप, आणि शेवटची. पोट चाचपून बाळ कसं आहे ते नीट सांगितलं तर राहणार, नाहीतर उद्या बोचकं बांधून घरी.

सकाळी सून हसली होती. "सात वर्षांत मला चहाचं पातेलं उतरवू दिलं नाहीत, आई. त्या पोरीला पोट तपासू द्याल?"

"तू उतू घालवतेस."

"घालवू तरी दिलंत का कधी?"

सुईणबाईंनी पातेलं स्वतःच उतरवलं. चपला घातल्या आणि निघाल्या.

खाटेवर दिवस भरत आलेली एक बाई पडली होती. सुईणबाईंनी तिला आधीच तपासलं होतं. बाळ पायाळू, डोकं वर. पण ते चिमणीला सांगायची मुभा त्यांना नव्हती, फक्त प्रश्न विचारायची.

"हात मागे," शिकवणारी म्हणाली. शिक्षा झालेल्या पोरासारखे सुईणबाईंनी हात मागे बांधले.

चिमणीने तळवे चोळून ऊन केले, पोटावर ठेवले आणि घाईघाईने म्हणाली, "डोकं खाली."

सुईणबाईंचे हात मागच्या मागे वळवळले. ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. विचारायचं तरी काय? हाताला कळतं ते तोंडाने बोलायची वेळ जन्मात आली नव्हती.

"वरच्या टोकाला काय लागतंय?"

"गोल काहीतरी."

"हळूच हलव. ते एकटंच डुलतंय, की सगळं बाळ हलतंय?"

चिमणीने हलवून बघितलं. मग पुन्हा हलवून बघितलं. सुईणबाईंनी मागे एका हाताने दुसरा हात धरून ठेवला. खाटेवरची बाईच म्हणाली, "घे गं सावकाश. मला कुठे जायचंय."

"एकटंच डुलतंय, सिस्टर, मानेवर डुलल्यासारखं. कडकही आहे." मग चिमणीने मान वर केली. "डोकं वर आहे. मी चुकले होते."

"शेवटचं उत्तर धरतात," शिकवणारी म्हणाली आणि कागदावर सही केली. "पास. राहिलीस तू इथे."

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. सुईणबाई म्हणाल्या, "रडणं नंतर. डॉक्टरांना जाऊन सांग, बाळ पायाळू आहे. आणि ऐकू जाईल असं सांग."

ती पळाली तशा सुईणबाई स्टुलावर टेकल्या.

"कसं वाटलं?" शिकवणारीने विचारलं.

"दहा बाळंतपणं परवडली."

"उद्यापासून दोन पोरी देऊ?"

सुईणबाईंनी गुडघा चोळला. "एकच द्या बाई. दोघींपुढे गप्प बसायची ताकद नाही राहिली."