आबांचे तळहात

अपघातात माणूस कसा पडला, हे त्याच्या जखमांवरून शोधून काढणं हा माझा व्यवसाय. माणसं साक्ष फिरवतात. सोललेलं कोपर फिरवत नाही.

सणसरला धाकट्या बहिणीकडे गेलो, तर तपास घरातच बसला होता, दोन उशांवर. तिचे सासरे, आबा, तिच्या स्कूटरवरून पडले होते आणि माकडहाड दुखावून घेतलं होतं. "हिनं कचकन बिरेक मारला," हे त्यांचं म्हणणं. स्कूटरची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात गेली होती. म्हणजे बहिणीनं बारामतीला काकडी नेऊन स्वतः विकणं बंद. किल्ली सुटल्याशिवाय इथून हलायचं नाही, असं मी ठरवलं.

प्रयोगापुरती किल्ली मागून घेतली. अंगणात बहिणीला स्कूटरवर बसवलं, मी मागं बसलो. "मार ब्रेक." तिनं इतक्या मनापासून मारला की माझं नाक तिच्या पाठीवर चेपलं. नाक धरून मी अंगणाला एक फेरी मारली. तेवढं नाटक गरजेचं होतं.

"बघा आबा, ब्रेक मारला की माणूस पुढं आपटतो. तुमचं नाक शाबूत आहे. मार बसलाय मागं."

"मग पडलो कसा, पाव्हणं?"

"तुम्ही पडलात तिथं गतिरोधक आहे, येताना पाहिला. त्यावर मागचं चाक उसळलं. धरून न बसलेला माणूस मागं पडतो. हात दाखवा."

कोपरं सोललेली, तळहात मात्र कोरे.

"पडताना माणूस आधी तळहात टेकतो. तुमचे कुठं गुंतले होते?"

आबा विचारात पडले. विचारात पडले की ते जे करतात तेच करू लागले: डाव्या तळव्यावर तंबाखू, त्यावर चुना आणि उजवा अंगठा गोल गोल. त्या अंगठ्याकडे आधी बहिणीनं पाहिलं, मग मी, मग खुद्द आबांनी. अंगठा थांबला.

"तवा बी मळतच व्हतो," ते म्हणाले. "पर बिरेक..."

"बिरेक मी दाबलाच न्हाय आबा. कवापासनं तेच सांगतेय."

"तिथंच चुकलीस," मी म्हणालो. "गतिरोधकाआधी दाबायचा असतो."

आबा हसायला गेले. माकडहाडानं हसू आवरतं घ्यायला लावलं. बहिणीनं स्कूटरची किल्ली काढून कमरेला खोचली. आबांनी ती मागितली नाही.

"बरा झालो की बाजाराला मी बी येतो," ते म्हणाले.

"या की. तंबाखू मळायची झाली की सांगा, गाडी थांबवीन."

"आन् गतिरोधक आला की तू सांग."