मिलिंदभाऊचा गुडघा

आमची पलटन वर बर्फात चढली तवा माझं अग्निवीराच्या नोकरीचं तिसरं वर्ष चालू होतं. पोस्टवर मोजकीच माणसं. जालना जिल्ह्याचे दोघंच. मी आष्टीचा, अन् लान्स नायक मिलिंद खरात शहागडचा. बाकीचे त्याला उस्ताद म्हणायचे, मी भाऊ म्हणायचो. तो मला संत्या म्हणायचा. राग आला की 'अग्निवीर संतोष'.

रोजचं काम ठरलेलं. सकाळी स्टँड-टू, म्हंजे हत्यार घेऊन मोर्चात उभं राह्यचं, मंग बर्फ वितळवून पाणी, मंग चहा, मंग संत्री ड्यूटी, म्हंजे पहारा. उरलेल्या टायमात मी नकला करायचो. शहागड फाट्यावरच्या एसटी कंडक्टरची नक्कल भाऊला लई आवडायची. "मागं सरका, मधी काय मुक्काम करून राह्यले का" म्हणलं की तो स्लीपिंग बॅगमध्ये पोट धरून हसायचा. एकदा मी सुभेदार साहेबांची नक्कल करून राह्यलो होतो अन् साहेब मागंच उभे. साहेब म्हणले, "आवाज ठीक है. मूँछ कम है." अन् मला लॅट्रिनचा बर्फ तोडायला लावला.

जानेवारीत भाऊ रॉकेलचा जेरीकॅन आणताना घसरला. गुडघा दगडावर आपटला. संध्याकाळपर्यंत पार डांगर झाल्ता. वाटी कुठंय तेच दिसंना. पोस्टवर नर्सिंग असिस्टंट होता, केरळचा. फौजेत त्याला सगळे डॉक्टरसाब म्हणतात. त्यानं दाबून पाह्यलं, क्रेप पट्टी बांधली, पाय पिठ्ठूच्या बॅगवर उंच ठेवला. वजन टाकायचं न्हाई, बर्फ लावत राह्यचा. बर्फाची तिथं काय कमी न्हव्हती. जाताना बोलला, "दो दिन में नहीं उतरा तो नीचे भेजूँगा."

भाऊला तेच नको होतं. आमचा एक जण सुट्टीवर, एक खोकल्यानं पडलेला. अजून एक खाली गेला तर संत्री डबल. त्या थंडीत डबल ड्यूटी म्हंजे बोटं जातात माणसाची. दुसऱ्या दिवशी पट्टी न सोडताच भाऊ डॉक्टरसाबला म्हणला की उतरलंय, आता बराबर आहे. अन् काठी घेऊन ड्यूटीला उभा राह्यला. पहिल्या रात्री. दुसऱ्या रात्री पण.

उतरलं न्हव्हतंच. त्यानं बिब्बा घातल्ता.

आमच्याकडं काही ठणकलं की बिब्बा. माणसाला, बैलाला, सगळ्याला. भाऊच्या ट्रंकेत चिंधीत बांधलेले चार बिब्बे होते. आम्ही झोपल्यावर स्टोव्हवर तापवून सुईनं त्याचं तेल गुडघ्याला लावलं अन् वरून पट्टी परत गुंडाळली. बिब्बा उतला, कातडी भाजली. फोड आले, फुटले. तसल्यात महिना-महिना अंघोळ न्हाई, तेच मोजे, तीच पट्टी. हे आम्हाला कोणालाच म्हाईत न्हव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. मी हात लावला तर गुडघा तव्यासारखा तापलेला. डॉक्टरसाबनं कात्रीनं पट्टी कापली. काळे डाग, फोड, अन् मांडीपर्यंत लाल रेघ गेल्ती. त्या पोरानं हळू विचारलं, "ये किसने लगाया, उस्ताद?"

भाऊ म्हणला, "हमारे गाँव का दवाई है."

डॉक्टरसाबनं इंजेक्शन दिलं. सुभेदार साहेब रेडिओवर बसले. खालून उत्तर आलं, "मौसम खराब. चॉपर निगेटिव. ओव्हर."

साहेबांनी परत मागितला. परत निगेटिव्ह. मंग साहेबांनी सेट ठेवला अन् म्हणले, "उठाओ."

स्ट्रेचरला दोर बांधून आम्ही त्याला खाली काढला. वाऱ्यानं समोरचा माणूस दिसत न्हव्हता. मी डोक्याच्या बाजूला होतो. डॉक्टरसाब म्हणला, इसको सोने मत दो. मंग मी कंडक्टरची नक्कल काढली. सुभेदार साहेबांना काढलं, ते स्वतः दोर धरून पुढं होते तरी. पार आमच्या आष्टीच्या बाजारातली मिरचीवाली मावशी काढली. आधी भाऊ हसला. मंग नुसते ओठ हलवले. मंग म्हणला, "संत्या, आता तुझ्या आवाजात बोल."

मी म्हणलं, भाऊ, आलंच आता.

खालच्या कॅम्पला मेजर डॉक्टर तयार होते. त्यांनी गुडघ्यात सुई घातली तर पू निघाला. ते म्हणले, जहर खून में चला गया है. सलाईन लावलं, औषधं सोडली, सगळं केलं. पहाटे भाऊ गेला. ऊन पडल्यावर मौसम साफ झाला अन् चॉपर आला. त्याला घेऊनच गेला.

माझी चार वर्षं संपली. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात शहागडला गेल्तो. भाऊच्या वडलांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. जय भीम घातला. काकांनी टायरवर बसवलं, चहा सांगितला. एका ट्रकचं चाक खोललेलं होतं. ड्रायव्हरनं भिंतीवरचा वर्दीतला फोटो पाह्यला अन् विचारलं, कोणत्या लढाईत गेला? काकांनी ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे कुठून येतात ते पाहत बसले.

ट्रक गेल्यावर मला म्हणले, "सगळे विचारतात, गोळी कुठं लागली. गुडघा सुजला म्हणलं की माणसं तोंडाकडं बघतात. मंग फोटोकडं बघतात. मी काय सांगू रे?"

मी म्हणलं, "काका, त्या गुडघ्यावर तो दोन रात्री उभा राह्यला. आमची ड्यूटी डबल होऊ नये म्हणून."

काकांनी हात पुसले. बराच टाइम पुसत राह्यले.

"त्या दोन रात्री तू झोपला का?"

"झोपलो, काका. गाढ झोपलो."

"बरं झालं," काका म्हणले. अन् चहाचा कप माझ्याकडं सरकवला.