सासऱ्याची खून

एप्रिल १९९४. वसई तालुक्यातल्या जूचंद्रच्या अठरा गुंठे शेताची मोजणी. हजर तिघे: भूकरमापक म्हणून मी, शेताच्या मालकीण हिराबाई आणि शेजारची जमीन घेतलेल्या बिल्डरचा सुपरवायझर. वाद अकरा फूट रुंदीच्या पट्टीचा. आठवड्याभरात बिल्डरची भिंत उभी राहणार होती.

मोजणी सुरू करायला हद्दीचा एक तरी जुना दगड जागेवर सापडावा लागतो. एकही दिसत नव्हता. हिराबाई म्हणाल्या, "भाऊ, त्या चिंचेखाली माज्या सासऱ्याची खून हाय. तिथनं मोजा."

मी साताऱ्याचा, वसईत येऊन महिना झालेला. बाईंचं व्याकरण मनातच सुधारलं आणि जबाबात लिहिलं: चिंचेखाली अर्जदाराच्या सासऱ्याचा खून झाला. मग दगड नाही म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यापासून मोजलं. पट्टी बिल्डरकडे गेली.

आमचे साहेब वसईतल्याच पापडीचे. त्यांनी जबाब वाचला.

"जमीन मोजायला गेला होतात की पंचनाम्याला?"

"बाई बोलल्या तेच लिहिलं, सर."

"परत जा. मोजणीची साखळी इथेच ठेवा. नुसते फिरा."

"किती दिवस?"

"कळेपर्यंत."

तीन दिवस फिरलो. बांध, खाजण, मिठागरं. दोनदा कुत्री मागे लागली. लोक पाण्याला पानी, लोण्याला लोनी म्हणत. ते कानावर पडत होतं, डोक्यात शिरत नव्हतं. तिसऱ्या दुपारी मिठागरात वाट चुकलो. तिथला एक कामगार म्हणाला, "त्या तिरक्या ताडाची खून धरून जा, साहेब."

"ताडाचा खून?"

तो फावडं टेकवून हसला. "अवो, खून म्हंजे निशानी! ताडाला कोनी मारला नाय!"

म्हणजे खूण. तसाच हिराबाईंकडे गेलो.

"मंग मी त्या दिवशी काय सांगत होते?" असं म्हणून त्यांनी कुदळ हातात दिली.

चिंचेखाली दोन फुटांवर दगड लागला. नकाशाशी जुळला. सुपरवायझरसमोर फेरमोजणी केली. पट्टी हिराबाईंची निघाली. भिंत अकरा फूट मागे बांधली गेली.

साहेबांना जबाब वाचतानाच चूक कळली होती. तेव्हाच सांगितलं असतंत तर तीन दिवस वाचले असते, असं मी त्यांना म्हणालो.

"आणि पुढच्या गावात?" एवढंच त्यांनी विचारलं.

तेव्हापासून नव्या गावात पहिला दिवस मी साखळीशिवाय फिरतो. अशा फिरण्याची नोंद करायला ऑफिसच्या रजिस्टरमध्ये रकाना नाही. आजवर बावीस गावं झाली. बावीस रजा गेल्या.